त्याच जागी

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा गोळ्या लिहायला घेतल्या, तशी शिवणवालीने पिशवीतून मापांची वही काढून त्यांच्यापुढे उघडली.

"हे कुणाचं माप?"

"माझ्या हनुवटीवरच्या पुळीचं."

गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या मापांखाली बारीक अक्षरात नोंद होती. गोळ्या सुरू, चौथ्या दिवशी कोरडी. गोळ्या संपल्या, नवव्या दिवशी ओली. दुसऱ्या खेपेलाही दिवस तेच.

"पुळी इतकी शिस्तीची असते का हो?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "जागा कधी बदलली का?"

"छे! ठाण मांडून बसलीय."

त्यांनी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. दात तर दुखत नव्हता; पण पुढचं टेबल गेल्याचं दुखत होतं. दुकानात वीस वर्षं त्या टेबलाशी मापं तिनेच घेतली. धाकट्या जावेला तिनेच तयार केलं, अगदी दोरा दाताने कट्‌कन तोडायच्या सफाईसकट. आता तीच जाऊ पुढे बसून सांगत होती, "जाऊबाई, बरं वाटेपर्यंत मागं काजं-बटणं करा. गिऱ्हाइकं तोंड फिरवतात." चहाचा कपही वेगळा झाला होता.

डॉक्टरीणबाई खालच्या एकेका दाताला बर्फासारखा गार बोळा लावत गेल्या. गार लागलं की शिवणवाली बोट वर करी. एका दाताशी ती वाट बघत राहिली.

"लावा की."

"लावलाय."

एक्स-रे फोटोत त्याच दाताच्या मुळाशी काळा ठिपका होता. दात आतून कधीच मेला होता आणि तिथला पू वाट काढत हनुवटीवर येत होता. गोळ्या तो आटवत. उगम तसाच राही.

"दोरा कशाने तोडता?"

तिने तोच दात दाखवला.

दात आतून साफ करून भरला. महिनाभर वहीत 'कोरडी'शिवाय शब्द नव्हता. मग ती गळ्यात कात्री अडकवून पुढच्या टेबलाशी गेली. जावेने दाताने कट्‌कन दोरा तोडला आणि ती उठली. तिच्या हनुवटीवर पावडरचा थर होता.

"बसा. पण तुमचंच मला लागलंय, जाऊबाई. हे बघा." तिने पदराने पावडर पुसली.

शिवणवालीने चष्मा लावला. "वाळतं आणि परत येतं?"

"हो."

"त्याच जागी?"

"त्याच."

शिवणवालीने स्वतःच्या गळ्यातली कात्री काढून जावेच्या गळ्यात घातली.

"हे लागत नाही गं," ती म्हणाली. "शिकवलं मात्र मीच."