मागणीची गहवा

मुफ्लेह मसुरीच्या रानात वाकला होता खरा, पण त्याचं चित्त काही कामात नव्हतं. पूर्वेचा कोरडा वारा सुटलेला, तांबडी माती डोळ्यांत जात होती, आणि हा बाबा मुठीमुठीनं रोपं उपटताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, "अहवे... अहवे..."

शेजारच्या ओळीतनं त्याची बायको खद्रा शेवटी वैतागली.

"काय लावलंय सकाळधरनं? उन्हानं डोस्कं फिरलं का?"

"राकाननं सांगितलंय तसं म्हनाय लागंल की. गहवा म्हनलं तर अम्मानची मानसं हसत्यात."

राकान त्याचा पुतण्या. भाऊ वारल्यावर मुफ्लेहनंच त्याला लहानाचा मोठा केला. पोरगं शिकलं, अम्मानात औषधाच्या दुकानात लागलं आणि तिथल्याच लुजैन नावाच्या पोरीवर त्याचा जीव जडला. उद्या गावचे जाणते पुरुष तिच्या घरी मागणी घालायला निघणार होते. थोरला चुलता म्हणून बोलायचं मुफ्लेहनं. रीत साधी. यजमान कॉफी देतो, ती तशीच समोर ठेवायची आणि सांगायचं, आमचं मागणं मान्य करा, मगच तुमची कॉफी पिऊ. आता यात कॉफीचं नाव टाळायचं कसं? इकडं मुफ्लेहच्या मुलखात, करकच्या खेड्यांत ती गहवा. तिच्या अम्मानच्या घरी ग कुठं गळून पडतो देव जाणे, अहवे म्हणतात. राकानही तसंच बोलायला लागला होता, आणि असं शहरी मऊ बोलणं गावाकडं बायकांचं समजत, म्हणून गाव त्याला बायकी जिभेचा म्हणून पिडत होतं.

रात्रभर मुफ्लेहनं कूस बदलली. सकाळी गाडीत उलैयान शेजारी बसला. हा त्याचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. बायकी बोललास तर आम्ही तिथनंच उठून येऊ, असं त्यानं सगळ्यांदेखत बजावलं, आणि गाडीभर हशा पिकला. मुफ्लेहनं डोक्याचा रुमाल नीट केला, परत सोडला, परत नीट केला.

लुजैनच्या घराच्या दारातच राकाननं त्याची बाही धरली. "काका, एवढं एकच करा. तिची आई आधीच म्हणते, गावंढळांत पोरगी कशी द्यायची. मी हात जोडतो."

पोराचे डोळे भरलेले बघून मुफ्लेहनं त्याचा खांदा थोपटला. अहवेच म्हणायचं, त्यानं ठरवलं. मग दिवाणखान्यात बसल्यावर समोर उलैयान मिशीवर हात फिरवत दिसला, आणि ठरवलेलं सगळं ढासळलं.

लुजैनचे वडील बुरहान मवाळ माणूस. त्यांनी स्वतः कॉफी ओतून दिली. सगळे मुफ्लेहच्या तोंडाकडं बघायला लागले. त्याच्या घशाला पार कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. जरा ओलावा म्हणून त्यानं समोरचं उचललं आणि पिऊन टाकलं.

पेला खाली ठेवताना त्याला कळलं आपण काय केलं ते. कॉफी प्याली म्हणजे मागणं नाही. नुसते पाहुणे आले, बसले, चालले. उलैयाननं डोळे मिटून घेतले. दारातल्या राकानचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या पोराला तळहातावर वाढवलं त्याचं वाटोळं आपल्याच हातानं झालं, या विचारानं मुफ्लेहला बसवेना.

बुरहान उठायच्या बेतात होते. मुफ्लेहनं त्यांचा हात धरला.

"बुरहानसाहेब, चूक माजी, पोराची न्हाई. कालधरनं एक शबूद घोकतोय. तुमच्यावानी म्हनला तर माजी मानसं हसनार, आमच्यावानी म्हनला तर तुमची. त्या धास्तीनं तुमची गहवा पिऊन बसलो. ती पावन्याची समजा. आता मागन्याची वता."

आतल्या खोलीत बायका खुदकन हसल्या. राकाननं मान खाली घातली. मुफ्लेहला मात्र आता कशाचंच वाटेना. हसा म्हणावं किती हसायचं ते.

बुरहान हसले नाहीत. त्यांनी पेला पुन्हा भरला. मुफ्लेहनं तो बोटानं पुढं सरकवला, ताठ बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आमच्या राकानला तुमची लुजैन द्या. त्याबिगर तुमची गहवा आमाला हराम."

बुरहाननं एकदा आतल्या पडद्याकडं पाहिलं. पडद्याआडनं लुजैनच्या आईची हरकत आली नाही. मग ते वळले. "दिली. आता प्या तुमची..." म्हणाले, आणि अडखळले. समोर करकचे मिशीवाले रांगेनं बसलेले, सगळ्यांचे कान टवकारलेले. बुरहानच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पेल्याकडं बोट केलं.

"प्या," ते एवढंच म्हणाले.

मुफ्लेहला त्या शहरी माणसाची मनापासून दया आली. त्यानं मुकाट्यानं पेला उचलला आणि तोंडाला लावला.