तुंबलेला बोका

सासऱ्यांनी टॉवेलात गुंडाळलेला बोका दवाखान्याच्या टेबलावर ठेवला. "पोट साफ होत नाहीये त्याचं. कालपासून वाळूच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय. एरंडेलही पाजलं."

सून जनावरांची डॉक्टर. तिने बोक्याचं पोट चाचपलं. हाताला चेंडूसारखी टणक पिशवी लागली.

"बाबा, याने लघवी कधी केली?"

"लघवी?" सासरे गडबडले. त्यांची हयात कबुतरं पाळण्यात गेली होती. कबुतरं वेगळी लघवी करतच नाहीत. तीही घाण पांढरी होऊन विष्ठेबरोबरच पडते. बोका त्यांच्या बायकोचा लाडका. ती गेली आणि तो यांच्या गळ्यात पडला. "ते कोण बघतं गं?"

"वाट तुंबलीये. मांजरं मुळात पाणी कमी पितात, लघवी दाट होते, मग त्यात रेती धरते." बोलता बोलता तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. एरवी मोजता मोजता दमछाक व्हावी असे ठोके. आता एकेकाची वाट बघावी लागत होती. बाहेर टाकायचं ते सगळं रक्तात साचत होतं.

"नळी घालून वाट मोकळी करायला हवी. त्यासाठी भूल दिली तर हृदय बंद पडू शकतं. नाही दिली तर पडणारच आहे. काय करू?"

"मला काय विचारतेस? डॉक्टर तू!" ते खेकसले.

"तुमचा बोका आहे म्हणून."

"तिचा आहे," ते म्हणाले. "दे."

मदतनीस बाई रजेवर होती. सुनेने सासऱ्यांची बोटं बोक्याच्या छातीवर टेकवली. "ठोका चुकला की ओरडा." हृदय सांभाळायला तिने शिरेतून कॅल्शियम सोडलं, मग अगदी बेताची भूल दिली. लघवीच्या वाटेत बारीक नळी थोडी आत गेली आणि अडली. तिने सलाइनचा फवारा मारला. नळी हलेना. पुन्हा मारला.

"थांबलं! अगं, थांबलं!"

तिने नळी तशीच सोडून छाती दाबायला घेतली. सासरे बोक्याच्या कानाशी वाकून काहीबाही पुटपुटत होते. बराच वेळ काहीच नाही. मग बोटांखाली एक ठोका. दुसरा.

"लागला," ते कुजबुजले.

तिसऱ्या फवाऱ्याला आतली रेती सरकली. लालसर लघवीची धार स्टीलच्या ट्रेमध्ये पडू लागली. खोलीभर उग्र दर्प पसरला. दोघांपैकी कुणीही नाक दाबलं नाही.

बोका पिंजऱ्यात झोपल्यावर सासरे बाकावर टेकले.

"तिच्या लक्षात आलं असतं का गं?"

सुनेला खोटं बोलवेना. "थोडं आधी आलं असतं," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.

बोका आठवडाभराने घरी आला. सासरे त्याचं खाणं पाणी घालून पातळ करू लागले. रोज सकाळी ट्रेवर वाकून ते ओली वाळू शोधत, आणि सापडली की स्वयंपाकघरातल्या सुनेकडे तोंड करून ओरडत, "झाली गं!"