कपाटातले चष्मे

वर्षापूर्वी एका शाळेतल्या मुलांना चष्मे दिले, दुसऱ्या शाळेतल्यांना दिले नाहीत. आता दोन्हीकडे एकच परीक्षा. चष्मेवाली पोरं पुढे गेली तर दुसऱ्या शाळेलाही चष्मे. नाहीतर योजनेवर पाणी. संशोधन म्हणतात ते हेच. तपासणीवाल्या बाईंनी दुसऱ्या शाळेतल्या एकेका आईला सांगून ठेवलं होतं, "पुढच्या वर्षी तुमची पाळी." बोलायला जीभ स्वतःची होती, पुढचं वर्ष मात्र दुसऱ्यांच्या हातात होतं. त्यामुळे बाईंना आठवडाभर घास गोड लागला नव्हता.

चष्मेवाल्या शाळेत त्या पोहोचल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी पोरं ओळीत उभी केली होती. प्रत्येकाच्या नाकावर चष्मा. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण तिथे फार वेळ राहिला नाही.

एक मुलगी पायरी उतरताना पायाने हवा चाचपत होती. बाईंनी तिचा चष्मा काढून उजेडात धरला. काचेवर ओरखडा नाही, दांड्या कडक, पोरीच्या नाकावर वळ नाही. पोरांच्या हातात वर्षभरात दगडसुद्धा झिजतो.

"रोज घालतेस ना गं?"

"हो. पाहुणे आले की रोज."

बाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. "सर, हे चष्मे असतात कुठे?"

"कपाटात! डब्यांत, कापसात गुंडाळून," सर फुशारले. "अहो, पोरं ती पोरं, आपटतील. वर्षात एक फुटला नाही. हे लिहा की वर!"

"डोळे तेवढे पोरांकडे राहू दिलेत, उपकार झाले."

सरांना टोमणा कळला, पण त्यांनी तो अंगावरून झटकला. "आज घातलेत ना? मग? कोण विचारतंय?"

कुणीच विचारणार नव्हतं, भीती तीच होती. वर्षभर फळा धूसर दिसलेल्या पोरांना आज काचा लावून काय येणार? शिवाय घाईत वाटलेले. कुणाचा कुणाच्या नाकावर, देव जाणे. गुण कमी पडतील आणि खापर फुटेल चष्म्यांवर. गप्प बसलं तर योजना गेली. खरं सांगितलं तर वर्ष वाया, आणि पैसे देणारे वैतागून उठून गेले तरीही योजना गेलीच.

बाईंनी व्हरांड्यात जाऊन संशोधन चालवणाऱ्या मोठ्या मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"कुणीच वापरले नाहीत?"

"नाही, मॅडम."

"मग आजच्या गुणांवरून चष्म्यांबद्दल काही म्हणता येणार नाही. आहे तसं लिहा. आणखी एक वर्ष मागून बघते. देतीलच असं नाही, हं."

बाई परत आल्या. पोरांच्या हातातल्या डब्यांवरची नावं वाचून ज्याचा चष्मा त्याला दिला. "हे आता घरी न्यायचे. झोपताना आणि अंघोळीला तेवढे काढायचे."

सरांचा चेहरा पडला. "घरी? आणि फुटले तर?"

"तर तुकडे दाखवा मला. फुटक्या चष्म्याचा हिशेब देता येतो, सर. कोऱ्याचा काय देऊ?"

पेपर झाला. पोरं चष्म्यांसकट फाटकाकडे धावत सुटली. सर ओरडत राहिले, "अरे, हळू! हळू!" बाईंनी पिशवी उचलली. दुपारी दुसऱ्या शाळेत परीक्षा होती, आणि तिथल्या आयांना काय सांगायचं ते त्यांना अजून सुचलं नव्हतं.