काकू, लाल मोजा आणि बंपरचे चार डोळे

क्रेनकाकांनी एकतीस वर्षं लोखंडाच्या यार्डात, ऐंशी फूट उंचावरच्या काचेच्या खोक्यात बसून वजनं उचलली. एकदा त्यांनी वीस टनांच्या तुळईच्या टोकाने खाली बसलेल्या मुकादमाच्या चहातली माशी अलगद बाहेर काढली होती, आणि चहावरची साय हललीसुद्धा नाही. तो चहा मुकादम नंतर प्यायला, हे शपथेवर सांगणारी माणसं अजून हयात आहेत. माशीचं पुढे काय झालं, एवढ्यावरच त्यांचं एकमत होत नाही.

असा हा माणूस, पण साधी घरची गाडी मागे घ्यायची म्हटलं की त्यांना बायको लागायची.

त्याचं कारण यार्डात होतं. तिथला नियम असा, की खाली उभ्या असलेल्या इशारेवाल्याने हात केल्याशिवाय क्रेन तसूभर हलवायची नाही. 'या', 'घ्या', 'सोडा' हे फक्त त्याचंच ऐकायचं. मात्र 'थांबा' कोणीही म्हणो, अगदी वाटेने जाणारं मांजर म्हणो, जागच्या जागी थांबायचं. निवृत्त झाल्यावर काकांनी गाडी घेतली आणि हा नियम जसाच्या तसा घरी आणला. इशारेवाल्याच्या हातात लाल हातमोजा असतो, म्हणून काकूंनी ओव्हनमधली भांडी काढायचा जाडजूड लाल मोजा चढवला. चौदा वर्षं त्या तो घालून गाडीच्या मागे उलट्या पावली चालत आल्या होत्या.

घर होतं गल्लीच्या शेवटाला. गल्ली इतकी अरुंद, की दोन मांजरं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागे. फाटकातून गाडी मागच्या अंगाने आत घ्यायची, ती थेट जिन्याच्या भिंतीपर्यंत. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. आणि गाडी अन् भिंत यांच्यामध्ये काकू.

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्याऽऽ... थांबा!"

आवाज असा खणखणीत, की शेजारच्या गल्लीत फर्निचर उतरवायला आलेला ट्रकवाला एकदा तो ऐकून आपला ट्रक मागे घेत घेत भलत्याच घरासमोर जाऊन थांबला होता. त्या घरच्यांनी कपाट ठेवून घेतलं म्हणतात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, मागच्या महिन्यातल्या त्या मंगळवारपर्यंत.

दर मंगळवारी काका काकूंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचे. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचं अंथरूण सुटत नव्हतं, आणि तिकडे थेट जाणारी बसही नव्हती. काकू तिचे केस विंचरायच्या, तिला आठवड्याभराच्या बातम्या वाचून दाखवायच्या आणि त्यातल्या निम्म्या मनाने रचायच्या. त्या मंगळवारी परत आल्यावर नेहमीप्रमाणे "येऊ द्या" सुरू झालं, आणि उलट्या चालणाऱ्या काकूंची टाच कुंडीत अडकली.

"थांब!" काकू ओरडल्या.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत काकूंनी नवऱ्याला पहिल्यांदाच 'अहो'वरून 'अरे'वर आणलं होतं. काकांचा पाय ब्रेकवर असा आदळला, की पुढच्या काचेपाशी ठेवलेलं खेळण्यातलं कुत्रं महिनाभर मान हलवत राहिलं.

"लागलं का गं?"

"छे! कुंडी लागली. तुमची गाडी कुठली लागायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पायाला तेल लावत असताना काकांनी पाहिलं. नडगीवर जांभळा डाग होता, गोल, बरोबर नंबरप्लेटच्या स्क्रूएवढा. काकूंनी परकर खाली ओढला. पण त्या दिवसापासून काकांना गाडी मागे घेताना आरशात लाल मोजा दिसला की पाय ब्रेकवरून निघायचाच नाही. मान वळत नव्हती, कमरेत लचक होती, आणि मागे आपलंच माणूस भिंतीला पाठ लावून उभं. एक दिवस पाय एक क्षण उशिरा पडला तर?

मागे उभी राहू नकोस, असं सांगावं तर ती हिरमुसणार. शिवाय इशारेवाल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा नियम त्यांनी स्वतःच घालून दिलेला.

म्हणून ते करंटकडे गेले.

करंट म्हणजे कोपऱ्यावरचा गाडीच्या वायरिंगचा मिस्त्री. चालू तार बोटाने तपासायची त्याला सवय होती, आणि त्यामुळे त्याचे केस कंगव्याचं ऐकत नसत. काकांचं सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, मागे सेन्सर टाका. नवीन गाडीत येतात, जुनीत बसवता येतात. माणसाची गरजच नाही."

त्याने बंपरवर कागदी पट्टी चिकटवली, जमिनीपासून उंची मोजली, चार ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारल्या. मग गोल पात्याच्या ड्रिलने चार भोकं पाडली. प्रत्येक भोकाला काका डोळे मिटून घेत होते, जणू भोक त्यांच्याच मांडीला पडतंय. बटणाएवढे चार सेन्सर आत बसले. प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर बाण असतो, तो वरच हवा, नाहीतर सेन्सर जमिनीलाच भिंत समजतो, हे करंटने दोनदा सांगितलं. तारा डिकीतून आत घेऊन त्याने आवाज करणारी डबी लपवली आणि रिव्हर्सच्या दिव्याला जोडली.

"लांब असलं की टुक... टुक. जवळ आलं की टुकटुकटुक. आणि एक वीत राहिली की नुसतं टूंऽऽऽ. थांबायचं."

दुकानासमोर काकांनी पाच वेळा गाडी मागे घेतली. पाचही वेळा सेन्सरनी शहाण्या बाळासारखं काम केलं. काका खूश होऊन घरी आले.

आता यार्डातला आणखी एक नियम. नवा इशारेवाला आला की जुन्याने लगेच जायचं नाही. आठवडाभर त्याच्याजवळ उभं राहायचं, आणि नव्याची खात्री पटली की क्रेनवाल्याच्या डोळ्यांदेखत हातमोजा काढून द्यायचा. काकांनी नियम पाळला. काकूंना म्हणाले, "अगं, नवीन यंत्र आहे. ते बरोबर चालतंय की नाही बघू. तू आपली नेहमीसारखी राहा उभी."

काकू मोजा चढवून उभ्या राहिल्या. काकांनी रिव्हर्स टाकला.

टूंऽऽऽऽऽ!

फाटकातसुद्धा शिरली नव्हती गाडी. काका थांबले. 'थांबा' कोणीही म्हटलं तरी थांबायचं.

"अहो, येऊ द्या ना!"

"कसं येऊ देऊ? हे थांबा म्हणतंय!"

"त्याचं काय ऐकता? मागे काहीच नाही!"

"नीट बघ. कुंडी? मांजर?"

"काही म्हणजे काही नाही," लाल मोजा फिरवत काकूंनी ग्वाही दिली. "मी काय आंधळी आहे? मी इथेच तर उभी आहे!"

काकांनी दोन बोटं पुढे घेतली, दोन बोटं मागे. टूंऽऽऽ. काकू "येऊ द्या" म्हणत होत्या, यंत्र "थांबा" म्हणत होतं, आणि गाडी गल्लीतच, फाटकाच्या तोंडाशी अडकलेली. सगळ्यांनी मिळून आरडाओरडा असा केला, की समोरच्या घरातला पोपट दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याला बघून टूंऽऽऽ करायला लागला. दूधवाला थांबायचाही.

काका करंटकडे गेले. दुकानासमोर सेन्सर ठणठणीत.

"काका, यात काही खोट नाही."

घरी आणली. टूंऽऽऽ.

परत नेली. ठणठणीत. करंटने तरी डबी बदलली, नवी तार ओढली, चारही बाण वर आहेत का पाहिले. परत घरी. टूंऽऽऽ.

"आमच्याच जिन्याशी वैर आहे त्याचं," काकू म्हणाल्या.

रात्री काकांनी अर्धंच जेवण केलं. ताट सारून ते म्हणाले, "उद्या करंटला इकडेच बोलावतो. उद्याही रडलं, तर गाडी विकायची."

काकूंच्या हातातला डाव पातेल्यात राहिला. "आणि ताई?"

काकांनी ताट उचलून मोरीत ठेवलं. ताईचे मंगळवार की काकूंची नडगी, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात फिरत होता, आणि यंत्राखेरीज तो सुटत नव्हता.

सकाळी करंट आला. काकूंनी त्याच्या हातात चहा दिला, त्याला पायरीवर बसवलं, मोजा चढवला आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी रिव्हर्स टाकला.

टूंऽऽऽ!

"बघ!" काका खिडकीतून ओरडले. "बघ, मागे काहीच नाही आणि हे बोंबलतंय!"

"काहीच नाही," काकूंनी दुजोरा दिला.

करंटने काकूंकडे पाहिलं. मग त्यांच्यापासून वीतभरावरच्या बंपरकडे. मग परत काकूंकडे. चहाचा घोट त्याच्या नाकातून आला.

"काकू," ठसका आवरत तो म्हणाला, "तुम्ही कुठे उभ्या आहात?"

"कुठे म्हणजे? मागे. चौदा वर्षं उभी आहे."

"मग ते बिचारं तेच सांगतंय ना! मागे काकू आहे, मागे काकू आहे, म्हणून घसा फोडतंय!"

अंगणात अशी शांतता पसरली, की समोरच्या पोपटालाही चुकल्यासारखं झालं. काका गाडीतून उतरले. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. चौदा वर्षांत काकू त्यांच्या लेखी 'मागे काहीतरी' नव्हत्याच. त्या गाडीचाच एक भाग होत्या, स्टेपनीसारख्या.

"हे यंत्र मी कशासाठी बसवलं, माहितीय?" ते खाली बघत म्हणाले. "तो डाग पाहिला मी. स्क्रूएवढा. तेव्हापासून रिव्हर्स टाकला की माझा पाय ब्रेकवरून निघत नाही. तुला तिथून काढायचं होतं मला. सांगायची हिंमत नव्हती."

काकूंनी मोज्याचा अंगठा चिमटीत फिरवला.

"मग माझंही ऐका. दोन वर्षं झाली, मला अंतर कळत नाही. पाच हात आहे की तीन, काही अंदाज येत नाही. मी आपली दहापर्यंत मोजते आणि 'थांबा' म्हणते."

"दहापर्यंत?" काकांनी स्वतःची बोटं मोजून पाहिली.

"घाई असली की आठ. दर मंगळवारी देवाचं नाव घेऊन तिथे उभी राहायचे. पण मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही नियमावर बोट ठेवून गाडी काढलीच नसती. मग ताईचे केस कोण विंचरणार?"

करंट हळूच म्हणाला, "म्हणजे चार सेन्सर सोडले, तर या घरात कोणालाच दिसत नव्हतं."

आधी काकू हसल्या. मग काका. काकांना हसताना जिन्यावर बसावं लागलं.

मग काकूंनी रीतसर काम केलं. काकांच्या डोळ्यांदेखत मोजा काढला, मोकळा पंजा दाखवला आणि मोजा बंपरवर, सेन्सरांच्या मधोमध लटकवायला वाकल्या.

"तिथे नको!" करंट किंचाळला. "पुन्हा सुरू होईल!"

शेवटी मोजा मान हलवणाऱ्या कुत्र्याशेजारी ठेवला गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, उंबऱ्याच्या आत, दोन्ही पाय सुखरूप. काकांनी रिव्हर्स टाकला. आरशात नुसती भिंत होती. टुक... टुक. फाटकाचे खांब दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले. टुकटुकटुक.

"थांबा!" दारातून आवाज आला, आणि त्याच क्षणी यंत्र म्हणालं, टूंऽऽऽ.

काका थांबले. भिंत बरोबर वीतभर लांब होती. कोण आधी बोललं, यावर काकू आणि करंट यांचा वाद अजून मिटलेला नाही. आपण डोळे मिटून दहा मोजले होते, असं काकूंचं म्हणणं आहे.

काकांनी गाडी बंद केली, पण लगेच उतरले नाहीत. जीव असा भांड्यात पडला होता, की त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा.

"अहो, आता उतरूच नका, मी आलेच!" काकू दारातून म्हणाल्या. "मंगळवार आहे आज. ताई वाट बघत असेल, आणि तिला सांगायला आज पहिल्यांदाच घरची खरी बातमी आहे."