निदान बेरोजगार तरी

अकरावीच्या त्या वर्गात तिला सगळे पॉइंट म्हणत. मॅडमनी एकदा फळ्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर साडेसहा लिहिला, तेव्हा ही तिसऱ्या बाकावरून उठून म्हणाली होती, "सहा पॉइंट चार सात, मॅडम." त्या दिवसापासून तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

आकड्यांवर तिचा जीव होता. आयात, निर्यात, दरडोई उत्पन्न, सगळं तिला तोंडपाठ. पण बेरोजगारीचा धडा निघाला तशी ती बाकावर चुळबुळ करायला लागली.

"ज्याला काम नाही तो बेरोजगार, असं तुम्हाला वाटतं ना?" मॅडम म्हणाल्या. "तसं नसतं. तीन प्रश्न विचारायचे. गेल्या आठवड्यात पैशासाठी तासभर तरी काम केलं का? नाही. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का? हो. मिळालं तर लगेच सुरू करू शकाल का? हो. असं उत्तर आलं तरच माणूस बेरोजगार. काम नाही, शोधतही नाही, किंवा सुरूच करू शकत नाही, तर तो श्रमशक्तीच्या बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे, मॅडम?" शेजारच्या रेडिओनं विचारलं. तिच्या कानावर पडलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेत होई, म्हणून ती रेडिओ.

"बाहेर म्हणजे बेरोजगारीच्या दरात तो येतच नाही. त्या भागाकारात वरही नाही, खालीही नाही."

"अरेरे, बिचारे," रेडिओ म्हणाली आणि वर्ग हसला. पॉइंट हसली नाही. तिनं वहीच्या कोपऱ्यात तीन चौकोन काढले, पहिल्यात 'नाही' लिहिलं आणि पुढचे दोन रिकामे ठेवून बराच वेळ बघत बसली.

तिचे बाबा एकोणीस वर्षं छापखान्यात मशीन चालवत होते. छापखाना बंद पडून आठ महिने झाले होते. वर्गात हे कुणाला माहीत नव्हतं. तशी ती खोटं बोलली नव्हती. बाबा काय करतात असं सगळ्यांनी विचारलं तेव्हा छापखाना चालू होता, आणि बंद पडल्यावर कुणी विचारलं नाही, इतकंच.

मॅडम तिथेच थांबल्या असत्या तर भागलं असतं. पण त्यांना धडा पुस्तकात ठेवायची सवयच नव्हती. येत्या शनिवारी वस्तीतल्या बारा गल्ल्यांत, एकशेवीस घरांत पाहणी करायची, असं त्यांनी जाहीर केलं. आपली गल्ली आपण करायची नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. प्रश्न छापलेला आहे तस्साच वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही. आणि फॉर्ममधलं बाहेर कुठे बोलायचं नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. पॉइंटची गल्ली रेडिओकडे गेली.

"ए, म्हणजे मी तुझ्या घरी येणार," रेडिओ खूश झाली. "चहा देतील ना?"

घरी आली तर बाबा पलंगाच्या कडेला बसून ताईच्या बाळाला कुस्करलेलं केळं भरवत होते. ताई बाळंतपणाला आली ती इथेच राहिली होती. भावजी दूरच्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचे. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात पाळीवर. आणि दोन महिन्यांपूर्वी ताईची रजा संपून ती फोनच्या दुकानात परत रुजू झाली, तेव्हापासून सात महिन्यांचं ते गाठोडं दिवसभर बाबांच्या ताब्यात होतं. बाबा त्याला साहेब म्हणत.

"साहेब आज नाराज आहेत," बाबा म्हणाले. "दुपारी फक्त वीस मिनिटं झोपले. मला तर टेकायलाही दिलं नाही."

"बाबा, शनिवारी आमच्या वर्गातली मुलगी येईल पाहणीला. ती विचारेल, काम शोधताय का. तू हो म्हण."

"शोधतोय का मी?"

"शोध ना मग."

"कुठे, पाळण्याखाली? काल खुळखुळा सापडला तिथे."

"मी सिरियसली बोलतेय."

"मीपण. जरा त्याचा हात धर, डोळ्यात केळं जातंय."

तिनं हात धरला. बाळाची मूठ एवढीशी, पण पकड अशी की तिचं बोट सुटेना. मुठीत केळं, केसांत केळं, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. एरवी ती त्याचे पटापट मुके घेत सुटली असती. आज तिचं लक्ष बाबांच्या खांद्यावरच्या फडक्याकडे होतं. छापखान्यात असताना त्याच खांद्यावर शाई पुसायचं फडकं असे.

त्या आठवड्यात तिचं कशातच चित्त लागेना. पुस्तक उघडावं तर तेच पान. बेरोजगार माणूस कसा, रांगेत उभा असतो. त्याला काहीतरी हवं असतं, सरकार त्याच्यासाठी योजना आखतं, वर्तमानपत्रात त्याचा दर छापून येतो. आणि श्रमशक्तीबाहेरचा? तो रांग सोडून निघून गेलेला. बाबा रांग सोडून गेलाय, हे रेडिओ लिहून नेणार. पॉइंटला फार काही नको होतं. बाबा निदान बेरोजगार तरी असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

यावर तिनं जो उपाय काढला तो तिलाच सुचावा असा होता. उत्तर खोटं द्यायचं नाही, तर उत्तर खरं करून टाकायचं. सोमवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर तिनं जाहिराती पाहिल्या. औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्याला मशीन ऑपरेटर हवा होता. तिनं बाबांच्या नावानं अर्ज भरला. अनुभव एकोणीस वर्षं. फोन नंबर बाबांचा. रुजू कधी होऊ शकाल, या प्रश्नाशी ती अडखळली, मग 'तत्काळ' लिहून मोकळी झाली.

बाबांना मात्र तिनं शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं, तेही दारात उभं राहून, म्हणजे पळता यावं.

"तुझा एक अर्ज गेलाय. त्यामुळे उद्या हो म्हटलंस तर खोटं होणार नाही."

बाबा दुपट्यांच्या घड्या घालत होते. कोपऱ्याला कोपरा लावून, गठ्ठा उभा आपटून, कागदाची गड्डी जुळवावी तशा.

"खोक्यांच्या कारखान्यात?" त्यांनी विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"हं," बाबा म्हणाले, आणि पुढचं दुपटं उचललं.

शनिवारी तिच्या वाट्याला आलेल्या गल्लीत ती दारोदार फिरली, पण मन आपल्याच घराच्या उंबऱ्यावर. रेडिओ आता कितव्या घरात असेल? एका निवृत्त ड्रायव्हरला तिनं विचारलं, काम शोधताय का, तर तो म्हणाला, "तुझ्याकडे आहे का?" आणि दार लावून घेतलं. पुढच्या घरातल्या आजींनी तर तिला धरूनच बसवलं.

"अगं टेक तरी जरा. घोड्यावर बसून आलीयेस का? माझं ऐक तरी पुरतं. मी चार घरचे कपडे शिवते, ते काम धरायचं की नाही?"

"तासभर तरी करता ना?"

"तासभर?" आजी म्हणाल्या. "तासभरात तर सुईत दोराही जात नाही माझा."

पॉइंटनं 'काम आहे' वर खूण केली आणि उठली. दहाही घरं तिनं दोन तासांत उरकली. अक्षर इतकं गिचमिड की तिचं तिलाच ओळखू येईना.

घरी आली तेव्हा रेडिओ येऊन गेली होती. काय झालं ते तिनं विचारलं नाही. रविवार तिनं असाच काढला, या खोलीतून त्या खोलीत.

सोमवारी तपासणी. आपल्या बाकावरच्या जोडीदाराचे फॉर्म तपासायचे, अशी मॅडमची पद्धत. उत्तरांत मेळ नसेल तर तपासणाऱ्यानं पुन्हा त्या घरी जायचं, तोच प्रश्न विचारायचा, दुरुस्तीखाली दोघांच्या सह्या घ्यायच्या. रेडिओचा गठ्ठा पॉइंटसमोर आला. सहावा फॉर्म तिच्या घरचा. आई, काम आहे. ताई, काम आहे. बाबा:

काम केलं? नाही.
शोधलं? हो, एक अर्ज.
मिळालं तर सुरू करू शकाल? नाही. बाळ सांभाळतो.

"मी दोनदा विचारलं गं," रेडिओ खालच्या आवाजात म्हणाली. "दुसरं उत्तर हो, तिसरं नाही. म्हटलं, काका, असं कसं? तर म्हणाले, तू ऐकलंस ते लिही." मग त्याहून हळू, "तू सांगितलं नाहीस कधी."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? फॉर्ममधलं आहे ते." रेडिओ खरंच दुखावली होती. "आणि सांगण्यासारखं काय त्यात? मला तर बाळ घ्यायला दिलं त्यांनी. माझ्या बाबांना अजून माझी इयत्ता विचारावी लागते."

पॉइंटच्या हातात पेन्सिल होती आणि तिसऱ्या प्रश्नातली खूणही पेन्सिलीचीच होती. एक खूण खोडायची, एक करायची. काम असलेले आणि बेरोजगार यांची बारा गल्ल्यांची कच्ची बेरीज फळ्यावर होती; डोक्यात हिशोब आपोआप झाला. बाबा धरले तर दोनशे चारांत अठरा, आठ पॉइंट आठ. न धरले तर दोनशे तीनांत सतरा, आठ पॉइंट चार. अख्ख्या वस्तीचा दर तिच्या बोटांत होता.

"मेळ नसेल तर पुन्हा जायचं असतं," रेडिओ म्हणाली. "मी जाऊ?"

"नको," पॉइंट म्हणाली. "मीच जाते."

चार वाजता ती घरी पोचली. दप्तरही न उतरवता बाबांसमोर खुर्ची ओढून बसली. बाळ बाबांच्या मांडीवर उभं राहायची खटपट करत होतं, गुडघे वाकत होते, पुन्हा ताठ होत होते.

"पुनर्भेट आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "प्रश्न दुसरा. गेल्या चार आठवड्यांत आपण काम शोधलं का?"

"आपण?" बाबांनी भुवया उंचावल्या.

"छापलेलं तसंच वाचायचं असतं."

"मग छापल्याप्रमाणे सांगतो. मी नाही शोधलं. माझ्या मुलीनं शोधलं."

"मग शनिवारी हो का सांगितलंस?"

"तुझ्या मैत्रिणीसमोर तुला कशाला तोंडघशी पाडायचं? तिसऱ्याला मात्र जीभ वळेना." बाबांनी बाळाला बसतं केलं. "गुरुवारी त्यांचा फोन आला होता. उद्या अकराला भेटायला बोलावलंय. चांगली मशीन आहेत म्हणे, चार रंगांची. मी अर्धा तास पाळण्याची दोरी ओढत विचार करत होतो. नंतर बघतो तर पाळण्यात साहेब नाहीतच, पलंगावर झोपलेत."

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं.

"मग जा ना, बाबा. तुला आवडतं ते काम."

"आवडतं. सुरुवातीला अकरा ठिकाणी जाऊन आलो होतो मी, तुला माहीत नाही. तेव्हा कुणी उभं केलं नाही. आता मी गेलो तर ताईला घरी बसावं लागेल. एक आत, एक बाहेर. तुमच्या दरात किती फरक पडेल?"

तिनं नको म्हणतानाही हिशोब केला. "काहीच नाही."

"आणि घरात?"

तिनं कागद उलटून पाहिला. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

"मला विचारशील तर," बाबा म्हणाले, "मला हे सोडवत नाही. माझ्या पोरी कधी उभ्या राहिल्या, कधी चालल्या, मी पाहिलंच नाही. मी दुसऱ्या पाळीला असायचो. हा उभा राहील ना, तेव्हा मला इथे असायचंय. लिही तसं. आणि कारखान्याला फोन लाव, सहापर्यंत असतात ते."

"मी?"

"अर्ज कुणाचा?"

तिनं फोन घेतला. एका बाईंनी उचलला.

"उद्या अकराच्या भेटीबद्दल बोलायचं होतं. मी त्यांची मुलगी."

"हां, एकोणीस वर्षंवाले. येतायत ना?"

"नाही येणार."

"दुसरीकडे लागले?"

"नाही."

"तब्येत?"

"चांगली आहे."

"मग कारण काय लिहू? रिकामं सोडता येत नाही मला."

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा बाळाची लाळ पुसत होते. उत्तर सुचवायचं नाही, हा नियम जसा काही त्यांनाही लागू होता. तिच्या मनात भराभर शब्द आले, घरगुती अडचण, तूर्तास, वैयक्तिक कारणास्तव. एकही खरा नव्हता.

"बाळ सांभाळतात," ती म्हणाली.

"कोण, वडील?"

"हो. दिवसभर. त्यांना सोडायचं नाहीये."

पलीकडे लिहिण्याचा आवाज आला. "बरं. मग अर्ज तरी कशाला केला त्यांनी?"

"त्यांनी नाही. मी केला."

"तुझं वय काय गं?"

"सोळा."

"मग तूही चालायची नाहीस," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिनं फॉर्म पुढे ओढला. दुसऱ्या प्रश्नातला 'हो' खोडला, 'नाही' लिहिलं, या वेळी पेनानं. सहीसाठी कागद बाबांपुढे धरला, तर साहेबांनी झडप घालून त्याचा कोपरा तोंडात घातला.

"अरे, मॅडमना द्यायचाय तो," ती ओरडली आणि बाबांच्या मांडीवरून त्याला उचलून घेतलं. "तू कर सही लवकर. मी धरते याला."