शालिग्रामचे एकशेआठ

केळीचा भाव पडला तेव्हाही केला नव्हता एवढा आरडाओरडा फोपनारच्या शालिग्रामनं पोराच्या मोटारसायकलवरून केला. पोरगा चंदन, चोवीस वर्षांचा, शाहपूरला केळीच्या रोपवाटिकेत नोकरीला. अडीच वर्षं पठ्ठ्यानं एक धड शर्ट घेतला नाही, आणि दसऱ्याच्या नऊ दिवस आधी बुऱ्हाणपूरहून निळीशार स्पोर्ट बाईक घेऊन थेट दारात उभा राहिला.

"ही काय गाडी आहे का?" शालिग्राम कडाडला. "मागं मांजर बसेल, माणूस नाही बसणार. अन् पुढचा काय पोटावर पडून चालवणार? हाडंच मोडायची होती तर घरात मुसळ होतं की!"

"आप्पा, एकदा बसून तर देखा," चंदन म्हणाला.

"मी? माझं काय डोकं फिरलंय?"

आता हा शालिग्राम काही आईच्या पोटातून असा भित्रा आला नव्हता. लग्नाआधी त्याच्याकडे राजदूत फटफटी होती आणि तिच्यावर बसला की त्याला बापाचीही आठवण राहत नसे. एकदा गिरधर नावाच्या मित्राशी शर्यत लावली आणि धूलकोटच्या रस्त्यावर एका वळणाला दोघंही घसरून पडले. शालिग्रामचा हात मोडला, गिरधरचा पाय. हात जुळला. गिरधर अजून काठी टेकत चालतो. त्या दिवसापासून शालिग्रामनं वेगाचं नाव टाकलं ते टाकलंच. त्याच्या या ओरडण्यात राग चार आणे आणि भीती बारा आणे होती, आणि त्याच्या बायकोला, रंभाबाईला, ते चांगलं ठाऊक होतं.

शेवटी तीच मध्ये पडली आणि बापलेकांत करार झाला. गाडीनं ऐंशीची हद्द ओलांडली की त्याच दिवशी ती विकायची. ओलांडली हे कळणार कसं? तर गाडीच्या मीटरमध्येच सोय होती. आजवरचा सगळ्यात मोठा वेग ते लक्षात ठेवायचं आणि एक बटण दाबलं की दाखवायचं. पुसायचा झाला तर शोरूमच्या मिस्त्रीलाच बोलवावं लागे. शालिग्राम रोज संध्याकाळी चष्मा लावून आकडा बघायचा. नऊ दिवस झाले तरी तो चौऱ्याहत्तरच्या पुढे सरकला नाही. बापाला आनंद व्हायला पाहिजे होता. पण खरं सांगायचं तर त्याचा जरा हिरमोडच झाला.

दसऱ्याला घरात सगळ्या अवजारांची पूजा असते. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कोयते, विळे, आणि या वर्षी ती निळी. झेंडूच्या माळा चढल्या. कुंकू वाळलं की उडतं, म्हणून रंभाबाई तेलात शेंदूर कालवून स्वस्तिक काढते. ट्रॅक्टरवरचं मागच्या दसऱ्याचं अजून दिसतं, असा तिचा हात. ती गाडीपाशी आली तसा चंदन आतून ओरडला, "माय, टाकीवर नको हं! पेंट खराब होईल."

"बरं बाबा, नाही काढत तुझ्या टाकीवर," ती म्हणाली, आणि गाडीभोवती फिरून तिनं दुसरी चांगली जागा शोधली.

पूजा झालेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हाही घरचा रिवाज. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठ वाजता चंदन आणि त्याचा दोस्त विपुल आसीरगडच्या घाटात फिरायला जाणार होते.

शालिग्रामला पाचलाच जाग आली. अंगणात गाडी उभी होती, माळ घालून. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. मग त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली. लोकांनी ओळखू नये म्हणून चंदनचं हेल्मेट डोक्यात घातलं, काच खाली ओढली, आणि घरात आवाज जाऊ नये म्हणून चांगली दोनशे पावलं गाडी ढकलत नेली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आणि चोरासारखा धापा टाकत होता!

शाहपूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी चालू केली. पहिला किलोमीटर चाळीसनं गेला. वळणावर जुन्या सवयीनं पायाचा ब्रेक दाबला, गाडी गरीब गाईगत हळू झाली. मग सरळ रस्ता आला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये मोकळं डांबर. शालिग्रामनं मूठ पिळली.

अगागागा! खालून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी उठली. साठ. ऐंशी. आपण मोठमोठ्यानं हसतोय हे त्याला हेल्मेटमध्ये घुमणाऱ्या आवाजावरून कळलं. पस्तीस वर्षं आपण हे टाकून बसलो होतो? तो टाकीवर वाकला. पोटावर पडून चालवायचं म्हणजे काय ते आत्ता उमगलं. शहाण्णव. एकशेआठ.

आणि पुढं बागेतून एका ट्रॅक्टरचं तोंड रस्त्यावर आलं. मागे घडांनी भरलेली ट्रॉली.

शालिग्रामनं हाताचा ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. अजून दाबला, बोटं दुखेपर्यंत. गाडी नुसती पुढंच! पायाचा ब्रेक मारला तसं मागचं चाक सरकलं, गाडी आडवीतिडवी डुलत सुटली. वेग बराच उतरला, पण ट्रॉली काही हटेना. मग त्यानं डोळे मिटून हँडल डावीकडे वळवलं आणि गाडीसकट बांधावर टाकलेल्या केळीच्या खोडांच्या ढिगात घुसला. कापलेली, पाण्यानं भरलेली मऊ खोडं. हेल्मेट दाणकन आपटलं, चीक अंगभर उडाला, आणि सगळं शांत झालं. त्याला आधी गिरधरचा पाय आठवला. मग त्यानं आपले दोन्ही हलवून पाहिले. हलत होते.

ट्रॅक्टरवरून दगा उतरला. दगा गावातलाच, पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवणारा. "चंद्या, मरायचं आहे का रे? लागलं का?"

हेल्मेटनं मान हलवली.

"तोंडात काय गुळणी आहे? थांब, तुझ्या बापालाच सांगतो!"

हेल्मेटनं घाईघाईनं गाडी उभी केली आणि काढता पाय घेतला.

घरी येताना शालिग्रामनं वीसच्या वर काही जाऊ दिलं नाही. गाडी जागेवर लावली, आरसा सरळ केला, चिकानं भरलेला शर्ट कपड्यांच्या घडीत कोंबला. डावीकडे खरचटल्याच्या दोन रेघा होत्या, त्या काही पुसल्या गेल्या नाहीत. पण त्याचं मन दुसरीकडेच होतं. ब्रेक दाबला होता ना आपण? दाबला होता. की हातच म्हातारा झाला? या विचारात तो चहाही विसरला.

आठला विपुल दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला. त्याच्यामागून दगा आला.

"शालिकभाऊ, तुमचं पोरगं आज गेलंच होतं," त्यानं अंगणातूनच सुरू केलं. "वाऱ्यासारखं आलं, माझ्या ट्रॉलीत घुसायचं ते खोडांत घुसलं. अन् वर बोलायला तयार नाही!"

चंदन दात घासायचा ब्रश तोंडात घेऊन उभा. "मी? कसम से, मी तर आत्ता उठलो. झोपेल होतो मी!"

"झोपेल होता तर गाडी काय एकटीच गेली?" रंभाबाई म्हणाली. तिनं गाडीवरच्या रेघा पाहिल्या आणि तिचा चेहराच उतरला.

विपुलनं मीटरचं बटण दाबलं. "चंदन, यार... एकशेआठ."

आता बघा. शालिग्रामला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. साक्षीदार दारात उभा, पुरावा मीटरमध्ये. नुसतं गप्प बसलं की पोरगा घाटात जात नाही, गाडी संध्याकाळपर्यंत घराबाहेर, आणि आपली मिशी आहे तिथं. नऊ दिवस तो हेच मागत होता. फक्त पोराला खोटं पडू द्यायचं, एवढंच.

चंदननं तोंडातला ब्रश काढला. "आप्पा," त्याचा आवाज फाटला. "गाडी विका. पण मी खोटं नाही बोलत. तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

एवढी शरम त्याला गिरधरच्या बापापुढे उभं राहतानाही वाटली नव्हती.

"दगा," तो म्हणाला, "चंद्या नव्हता तो. मी होतो."

दगाच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. "अरे देवा! अन् मी तुम्हालाच म्हटलं, बापाला सांगतो म्हणून!"

"माझ्या बापाला जाऊन वीस वर्षं झाली. जा, सांगून ये."

विपुल हसत सुटला. शालिग्राम मात्र हसला नाही. "चंद्या, घाटात जायचं नाही. पुढचा ब्रेक लागत नाही. माझा हात खोटा नाही, मी पुरता दाबला होता."

चंदन चाकापाशी बसला. पुढच्या चाकात ब्रेकची स्टीलची गोल चकती असते, तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं. बोट लाल झालं, वर तेलकट.

"माय... हे काय आहे?"

"स्वस्तिक," रंभाबाई म्हणाली. "तूच म्हणाला टाकीवर नको. ही थाळी चांगली चकचकीत दिसली, म्हणून दोन्ही बाजूंनी काढलं. वरून तेलाची पाच-पाच बोटं लावली."

"माय, हीच तर ब्रेक धरते!"

रंभाबाईला समजायला एक क्षण लागला. मग ती मटकन ओट्यावर बसली. "अन् तू घाटात जाणार होता," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शालिग्राम तिच्याशेजारी बसला. "उगी. खोडांत टाकलं ना तुझ्या शेंदरानं? खांबावर तर नाही टाकलं? पावला म्हण की."

"तुम्ही तर बोलूच नका!" रंभाबाई रडता रडता कडाडली. "एकशेआठ! जपाची माळ ओढायच्या वयात!"

दुपारी शोरूमचा मिस्त्री आला. चकती धुतली, ब्रेकचे पॅड बदलले, दोनदा चालवून बघितलं. जाताना त्यानं विचारलं, "मीटरमधला आकडा पुसू का?"

"राहू दे," शालिग्राम म्हणाला.

चंदन चकित झाला. "मग आप्पा, मी ऐंशीच्या वर गेलो तर तुम्हाला कळणार कसं? एकशेआठपर्यंत काही दिसणारच नाही."

"तू सांगशील."

पाच दिवस चंदन संध्याकाळी येऊन आकडा सांगत राहिला. सत्तर. बासष्ट. एकाहत्तर. सहाव्या दिवशी तो आला आणि हेल्मेट न काढताच उभा राहिला.

"पंच्याऐंशी, आप्पा. एका ट्रकला ओव्हरटेक करताना. तेवढंच." आणि त्यानं किल्ली पुढं केली.

शालिग्रामनं किल्ली घेतली. पोरानं सत्तर सांगितलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं असतं? त्याला एकदम फार बरं वाटलं, इतकं की चेहरा कडक ठेवणं अवघड झालं.

"विकायचं माझ्या तोंडून आता निघत नाही," तो म्हणाला. "पण शिक्षा ती शिक्षा. उद्या सकाळपर्यंत गाडी माझ्याकडे. आण ते हेल्मेट."

"कुठं निघाले हो?" रंभाबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "आधी ब्रेक दाबून बघा!"

त्यानं ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली. फाटकापाशी चंदन हात बांधून उभा होता.

"आल्यावर आकडा खरा सांगा, आप्पा."

"सांगीन," शालिग्राम म्हणाला. "तू सांगतोस ना?"