कडूबाईनं आणलेलं अर्पण

बिबट्या बैलाएवढा होता. पटत नसेल तर गोऱ्ह्याएवढा धरा, त्याच्या खाली मी येणार नाही.

मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर, चर्चमध्ये सुगीचा सण चालला होता. ज्याच्या रानात जे पिकलं, ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं, मग त्याचा लिलाव. कुणी बाजरीची कणसं आणली, कुणी कोंबडा. तेवढ्यात कडूबाई आली, कासऱ्यानं बांधलेला बिबट्या फरफटवत. मागं रक्ताचा पट्टा, हातात ऊसतोडीचा कोयता.

तिच्या नवऱ्याला, शांतवनला, आठवड्यापूर्वी याच जनावरानं उसात फाडलं होतं. नरडं राहिलं नव्हतं. माती देताना पाळकसाहेब म्हणाले होते, "कडूबाई, देवाची इच्छा." तेव्हापासून बाईनं तोंडच उघडलं नव्हतं.

आता तिनं ते धूड वेदीपुढं आपटलं.

"घ्या. देवानं धाडलेलं हुतं, देवाला परत आनलं."

लिलाव पुकारणाऱ्या पुंजारामला जुनी खोड. तो ओरडला, "बोला, कोन घेतंय?"

"गप ए मुडद्या!" कडूबाई कडाडली. मग थेट वर बघून म्हणाली, "तुझीच इच्छा हुती न्हवं? मग सांग. ह्यो नरडं फोडत हुता तवा तू कुटं हुतास? माझ्या धन्यानं तुलाच हाक मारली आसंल. ऐकू आली न्हाई?"

वरून काही आलं नाही. एक कबुतर फडफडलं.

पाळकसाहेब पुढं झाले. "बाई, देवाला जाब विचारू नये. त्याची इच्छा..."

वाक्य तिथंच राहिलं, कारण बिबट्या मेलेला नव्हता. त्यानं कासरा तोडला आणि साहेबांची मांडी धरली. झग्यासकट मांस निघालं. अख्खी मंडळी एका उडीत छपराच्या वाशांवर. मी सत्तरीचा गडी घंटेच्या दोराला लोंबकळत होतो आणि माझ्या थरथरण्यानं घंटा वाजत होती.

खाली साहेब किंचाळत होते, "देवा! अरं कुटं मेलास!"

कडूबाई कोयता धरून उभीच. "आता कसं? म्हना की, त्याची इच्छा."

"मार त्याला, बाई!"

"आदी म्हना."

"न्हाई! इच्छाबिच्छा काय न्हाई! मला ठाऊक न्हाई!"

मग कोयता पडला. पहिल्या घावाला कान उडाला, दुसऱ्याला जबडा लोंबला. बिबट्यानं तिचा खांदा हाडापर्यंत उघडला, तरी ती हटली नाही. दर घावाला एकच सवाल, "कुटं हुतास?" कणसं लाल झाली. मुंडकं घरंगळत बाकाखाली गेलं, तरी हात थांबेना.

दमली तेव्हा तिनं वेदीवरचं पांढरं कापड ओढलं आणि साहेबांची मांडी करकचून बांधली.

"आलं का उत्तर?"

साहेबांनी दात आवळले. "न्हाई."

"मग बसा हितंच. मी बी बसते. आल्याबिगर उटायचं न्हाई."

दोघं वेदीला पाठ लावून बसले. दोघांचं रक्त एकाच थारोळ्यात मिसळत होतं.

वरून पुंजारामनं भीत भीत विचारलं, "कडूबाई, आमी उतरू का?"

"उतरू नगा. तुमी त्याच्या जवळ हाय. विचारा की त्याला."

पुंजारामचा पोरगा दोन वर्षांपूर्वी हायवेवर टेम्पोखाली सापडून मेला होता. पहिला पुंजारामच वर तोंड करून ओरडला, "कुटं हुतास?"